पागेतल्या प्रश्नांना उत्तरे

घोडे तयार करणे आणि घोडेस्वारी शिकवणे हे काम आमच्या घरात दोन पिढ्या चालू आहे. आईवडिलांनी ते सुरू केले, आता मी आणि माझा धाकटा भाऊ ते पाहतो. बाबा अजूनही रोज सकाळी पागेत येतात आणि हिशेबाची वही आईच्याच हाती आहे. या कामाविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा आशय येथे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे लिहीत आहे.

प्रश्न : आमच्याकडे स्वतःचे तीन घोडे आहेत. मला आणि माझ्या पत्नीला स्वारीचा अनेक वर्षांचा सराव आहे. नोकरी सोडून शिकवणी सुरू करावी असा विचार आहे. घरच्यांनी मिळून हा व्यवसाय चालवण्याचा अनुभव प्रत्यक्षात कसा असतो?

उत्तर : तुम्हा दोघांना स्वारी येते ही मोठी जमेची बाजू आहे, पण या व्यवसायातले बहुतेक काम जमिनीवर उभे राहूनच करावे लागते, हे आधी सांगायला हवे. ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला निदान ६ किलो कोरडी वैरण आणि साधारण हवामानात २५ ते ४० लिटर पाणी लागते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल अखंड पाझरत राहते, त्यामुळे दोन वेळा भरपूर वैरण टाकून मोकळे होता येत नाही; ती थोडी थोडी, दिवसभर आणि रात्रीही, त्याच्या तोंडापुढे असावी लागते. म्हणजे शेवटची वैरण रात्री उशिरा आणि पहिली उजाडण्यापूर्वी टाकायला घरातले कोणीतरी उठणार. एक घोडा दिवसाला सुमारे २० किलो लीद टाकतो, ती रोज उचलावी लागते. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यावा लागतो, वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यावे लागतात, लसी आणि जंतांची औषधे वेळच्या वेळी द्यावी लागतात. शिकवणी बंद असलेल्या महिन्यातही यातले काहीच थांबत नाही. माझ्या आठवणीत आम्ही चौघे एकत्र कोठेही रात्रीच्या मुक्कामाला गेलेलो नाही, आणि तुम्ही दोघेच असाल तर हा प्रश्न तुमच्यापुढे आमच्यापेक्षा लवकर उभा राहील.

आता मुख्य गोष्ट. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आम्ही स्वारीचे तास विकतो. इतक्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की विकली जाते ती घोड्याची सहनशीलता. नवशिका स्वार तोल गेला की लगामाला लोंबकळतो, दुडकीत खोगिरावर आपटतो, नको त्या क्षणी टाच मारतो, आणि एकाच वेळी लगाम ओढून ‘थांब’ व टाचेने ‘चल’ असे दोन्ही सांगतो. शिकवणीचा चांगला घोडा हे सगळे पोटात घालतो. पण त्यातून त्याच्या साठ्यातले काहीतरी प्रत्येक वेळी खर्च होते, आणि ते भरून काढायला वेगळा वेळ लागतो: जाणत्या स्वाराने हलक्या हाताने फिरवण्याचा, मोकळ्या कुरणात दुसऱ्या घोड्यांबरोबर हिंडण्याचा, नुसतेच चरण्याचा. ही भरपाई झाली नाही तर वर्ष-दीड वर्षात गुणी घोडा पाठीवर माणूस आला की कान मागे पाडू लागतो, तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना चावायला येतो, किंवा डोळे विझल्यासारखा, कशालाच प्रतिसाद न देता चालत राहतो. यातले शेवटचे लक्षण मला सर्वांत वाईट वाटते, कारण पालकांना असा घोडा ‘अगदी शांत’ दिसतो.

म्हणून हिशेब करताना तासांपासून सुरुवात करू नका, घोड्यापासून करा. आमच्याकडे एका घोड्याला दिवसात नवशिक्यांचे दोनच तास आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी असा नियम आहे. तुमच्या तीन घोड्यांना तो लावला तर आठवड्याचे ३६ तास कागदावर दिसतात. त्यातून एकाच्या खुराला खडा लागला, दुसऱ्याच्या पाठीला खोगिराने घासले, तिसरा मुळात नवशिक्यांच्या स्वभावाचाच नाही असे निघाले की किती तास उरतात ते मांडा, आणि त्या उरलेल्या तासांवर घर चालते का ते पाहा. चालत नसेल तर नोकरी इतक्यात सोडू नका.

घरच्यांनी मिळून काम करण्यातली खरी अडचण आमच्या बाबतीत ‘नाही’ म्हणण्याची होती. सुरुवातीच्या काळात घरातला प्रत्येक जण होकार देऊ शकत असे. बाबा रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला तास देऊन टाकत, आईने त्याच वेळी तोच घोडा दुसऱ्या कोणाला दिलेला असे, आणि नकार देण्याचा अधिकार मात्र कोणाकडेच नव्हता. त्याची किंमत घोडे मोजत होते. अखेर एक नियम केला, तो आजतागायत टिकला आहे: सकाळी ज्याने घोड्याला खरारा केला, त्याचे चारही पाय हाताने चाचपले आणि खूर साफ केले, तोच त्या दिवशी घोडा कामाला निघेल की नाही हे ठरवणार. मग तो मी असेन, भाऊ असेल किंवा आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस. त्याने ‘आज नको’ म्हटले की बाबांनीही ते बदलायचे नाही. हा नियम मान्य करणे बाबांना सोपे गेले नाही, पण त्यांनी तो पाळला.

स्वतःचे पगारही वहीत लिहा. घरचे माणूस फुकट राबते या गृहीतावर उभा असलेला नफा नफा नसतो, आणि ज्या दिवशी ते माणूस आजारी पडते त्या दिवशी हे उघडे पडते.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दीड महिना घोडेस्वारी शिकत आहे. तिचे शिक्षक घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवतात आणि तिच्या हाती लगामही देत नाहीत, कधी रिकिबीही काढून घेतात. तिच्या मैत्रिणी दुसरीकडे एव्हाना घोडा पळवू लागल्या आहेत. आमचे पैसे वाया जात आहेत का?

उत्तर : माझ्या मते तुमच्या मुलीला चांगले शिक्षक मिळाले आहेत. कारण सांगते, म्हणजे तुम्हाला केवळ माझ्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

मराठीत आपण ‘मांड पक्की असणे’ म्हणतो, त्यातली मांड म्हणजे स्वाराची बैठक. दिसायला ती घट्ट पकड वाटते, पण पकडीने बसणारा स्वार ताठरतो आणि ताठरलेला देह घोड्याच्या पाठीवर उसळतो. पक्की मांड येते ती कंबर आणि मांड्या सैल राहून घोड्याच्या हालचालीबरोबर जाऊ लागल्या की. साध्या चालीत घोड्याचे चार पाय चार वेगळ्या ठोक्यांनी पडतात, त्यामुळे पाठ मागेपुढे आणि किंचित बाजूला डुलते. दुडकीत पुढचा एक पाय आणि तिरप्या बाजूचा मागचा पाय जोडीने उचलले जातात, ठोके दोनच होतात, आणि प्रत्येक ठोक्यामध्ये घोडा क्षणभर हवेत असतो. म्हणून नवशिक्याला ती हादरे देणारी वाटते. कँटरचे, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान चालीचे, ठोके तीन. या तालांची ओळख डोळ्यांना किंवा बुद्धीला होऊन उपयोग नाही, ती कंबरेला व्हावी लागते, आणि लगामाला धरून बसलेल्या मुलाला ती फार उशिरा होते, कारण त्याचा तोल हातात असतो.

त्या हातांचे दुसरे टोक कोठे असते याचा विचार करा. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदाताची मोकळी हिरडी असते. लगामाची लोखंडी कडी तेथे, जिभेवर आणि त्या हिरडीवर येते. हिरडीखालचे हाड काठाशी अरुंद असते आणि त्यावरचे आवरण पातळ. तोल जाणारे मूल जेव्हा लगामाला हिसका देते तेव्हा तो हिसका तेथे पोहोचतो. मुलांना हे आम्ही सांगून पटवत नाही. एक मूल लगामाची कडी दोन्ही मुठींत धरते, दुसरे मागे उभे राहून डोळे मिटून लगाम धरते आणि शिक्षक त्याला हलकेच धक्का देतात. पुढच्या मुलाच्या मुठीला जे जाणवते त्यानंतर त्याचे हात आपोआप हलके होतात.

लांब दोरीवर, म्हणजे लाँजिंगमध्ये, घोड्याचा वेग आणि दिशा शिक्षकाच्या हातात असते. मुलीला फक्त बसायला शिकायचे असते: हात बाजूला पसरून, मग डोक्यावर धरून, मग डोळे मिटून. यात दीड महिना जाणे ही फार मोठी गोष्ट नाही. मात्र दोन गोष्टी स्वतः पाहून घ्या. एक, डोक्याला नीट बसणारे, हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट आणि लहान टाचेचे बूट प्रत्येक वेळी आहेत का. गुळगुळीत तळव्याचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेल्या मुलाला घोडा फरफटत नेऊ शकतो. दोन, त्या लहान वर्तुळात घोड्याला फार वेळ फिरवले जात नाही ना. सतत वळत राहण्याचा ताण सांध्यांवर येतो, म्हणून वीसेक मिनिटांत, दोन्ही दिशांना सारखे फिरवून, ते संपवावे. मैत्रिणींशी तुलना करण्याचा मोह होणे मी समजू शकते. तरीही पुढच्या वेळी मुलीपेक्षा घोड्याकडे पाहा: त्याचे कान, जबडा आणि शेपूट सैल असतील तर शिकवणी बरी चालली आहे.

प्रश्न : माझे वजन ९५ किलो आहे. मी घोडेस्वारी शिकू शकतो का?

उत्तर : शिकू शकता, योग्य घोडा असेल तर. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि नवशिक्याच्या बाबतीत आम्ही खालचा आकडा धरतो, कारण तोल नसलेले वजन पाठीला अधिक जड पडते. तुम्ही आणि खोगीर मिळून सुमारे १०५ किलो होतात, म्हणजे सुमारे ७०० किलोचा, रुंद पाठीचा, निरोगी घोडा हवा. ज्या पागेत वजन न विचारता तुम्हाला कोणत्याही घोड्यावर बसवतात तेथे जाऊ नका. विचारणाऱ्या पागेने ‘आमच्याकडे तुमच्यासाठी घोडा नाही’ असे सांगितले तर कृपया ते मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा घोडा मी ३० दिवसांच्या प्रशिक्षणासाठी एका पागेत ठेवला होता. तेथे तो उत्तम वागत होता, मी स्वतः पाहिले. घरी आणल्यावर दोन आठवड्यांत तो पुन्हा चढताना हलू लागला आणि बाहेर जायला नकार देऊ लागला. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : तुमच्या पत्रावरून तसे म्हणता येत नाही. बहुधा घोडा शिकला आणि तुम्ही शिकायचे राहिले. आणि हा दोष असलाच तर तुम्हाला निदान शेवटचे आठ-दहा दिवस बरोबर न बसवणाऱ्या पागेचा आहे.

घोडा शिकतो कसा हे पाहू. पोटरीचा हलका दाब आला, घोडा पुढे सरकला, त्याच क्षणी दाब गेला, यातून त्याला कळते की पुढे सरकणे हे बरोबर उत्तर होते. शिकवतो तो दाब जाण्याचा क्षण. तो क्षण दोन सेकंद उशिरा आला तर घोडा त्या दोन सेकंदांत जे करत होता ते शिकतो. तुम्ही चढत असताना तो हलला आणि तुम्ही घाईने उतरलात, तर हलल्याने माणूस उतरतो एवढेच त्याने टिपले. चार दिवस असे झाले की ते पक्के होते. कसबी चाबुकस्वाराचे, म्हणजे घोडे तयार करणाऱ्याचे, सगळे कौशल्य या सोडण्याच्या वेळेत असते, आणि ते घोड्याबरोबर बांधून देता येत नाही.

घोडा किती बारीक पाहतो याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवत असे. मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंग्स्ट यांनी त्याची काटेकोर परीक्षा घेऊन १९०७ साली निष्कर्ष मांडला की उत्तर ठाऊक असलेला माणूस समोर दिसत असेल तरच घोड्याचे उत्तर बरोबर येते. खुराचे ठोके बरोबर आकड्यापाशी पोहोचले की विचारणाऱ्याचे डोके नकळत अगदी किंचित हलत असे आणि हान्स ते पाहून थांबत असे. ती हालचाल विचारणाऱ्या माणसांना स्वतःलाही माहीत नव्हती. तुमच्या घोड्याने ३० दिवस एका शांत, ठरावीक रीतीने हलणाऱ्या माणसाला वाचले, आणि घरी आल्यावर त्याच्यापुढे तुमचा देह आला, त्यातल्या शंकेसकट.

पण त्याही आधी दुखण्याची शक्यता तपासा. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी २०१८ साली स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी मांडली: कान मागे दाबून धरणे, शेपूट झटकणे, तोंड उघडणे, पुढे जायला नकार देणे यांसारखी. यांपैकी आठ किंवा अधिक एका स्वारीत दिसली तर हाडे, स्नायू किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता बरीच असते. खोगीर बदलले आहे का, दात कधी तपासले, पाठीवर बोटे दाबली की तो कोठे दबतो, हे पाहा. शिवाय घोड्याच्या कण्याची वाढ सहाव्या वर्षाच्या आसपास पुरी होते, म्हणजे तुमच्या घोड्याची पाठ अजून घडत आहे.

दुखणे नसेल तर पुन्हा त्याच पागेत जा, पण घोड्याला ठेवून येण्यासाठी जाऊ नका. आठवड्यातून दोनदा तुम्ही स्वतः त्या शिक्षकाकडे त्याच घोड्यावर शिका. आमच्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या घोड्याचा मालक यायला तयार नसेल तर आम्ही घोडा घेत नाही. या अटीमुळे काही कामे गेली आणि त्याबद्दल घरात बोलणीही झाली. तरी अट काढलेली नाही. दोन हजार वर्षांहून आधी ग्रीक सेनानी झेनोफन याने रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये असे लिहून ठेवले आहे. फसवणुकीची भावना मनात असताना स्वारीला निघू नका, एवढेच त्याला जोडून सांगते.

प्रश्न : आमची पागा वडिलांची आहे. २२ वर्षांची एक घोडी अजून शिकवणीला चालते, लहान मुले तिच्यावरच शिकतात. मला ती थकलेली दिसते. वडील म्हणतात, तिला काम आवडते, काम थांबवले तर ती खचेल. रोज वाद होतो. काय करावे?

उत्तर : हे पत्र मी दोन-तीनदा वाचले, कारण हाच वाद आमच्या घरात झाला आणि तो आम्ही वेळेवर मिटवला नाही.

आमच्याकडे एक तांबडी घोडी होती. मी स्वतः तिच्यावर शिकले, भाऊ शिकला, आणि नंतरची कित्येक मुले. मूल एका बाजूला कलंडू लागले की ती आपण होऊन थांबत असे. हे तिला कोणी शिकवले नव्हते. चोविसाव्या वर्षी ती खोगीर आणलेले पाहून ठाणाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागली. खाली बसणे तिने जवळजवळ बंद केले होते. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवे व्हावेच लागते, आणि ज्याला उठताना दुखते तो आडवा होणे टाळतो. हे सगळे मला दिसत होते. मी त्याला वयाचा आळस म्हटले, कारण शनिवारचे सगळे तास तिच्यावर होते. सकाळच्या खराऱ्याचा नियम तेव्हा असता तरी ‘आज नको’ म्हणायला मीच धजले असते का, सांगता येत नाही. एका शनिवारी दुडकीत तिचे पुढचे पाय लटपटले आणि ती गुडघ्यांवर आली. पाठीवरची मुलगी घसरून वाळूत पडली, तिला इजा झाली नाही. पशुवैद्यांनी दोन्ही पुढच्या पायांच्या सांध्यांची झीज दाखवली आणि ती खूप दिवसांची आहे असे सांगितले. त्या संध्याकाळी बाबांनी तिचे खोगीर खुंटीवरून काढून आत ठेवले. कोणी काही बोलले नाही. तो नियम आम्ही त्याच आठवड्यात केला.

तुमच्या वडिलांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि तेथूनच बोलणे सुरू करा. वर्षानुवर्षे माणसांत राहिलेल्या घोडीला एकदम ठाणात उभे करून ठेवणे तिच्या सांध्यांना आणि मनालाही वाईट असते. तिला काम हवे, पाठीवर वजन मात्र नको असेल. आमच्या तांबडीवर त्यानंतर मुले खरारा करायला, खूर उचलायला, म्होरकी घालायला आणि तिला हाताने धरून फिरवायला शिकली. नव्याने आलेल्या शिंगरांना शांत करायला तिला शेजारी बांधत असू. रोजचे मोकळे हिंडणे तिने शेवटपर्यंत सोडले नाही.

घरात बसून वाद घालणे थांबवा. पहाटे वडिलांना बरोबर घेऊन पागेत जा आणि ती उठते कशी ते दोघांनी मुकाट पाहा; लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना वळवताना तिचे डोके खाली-वर होते का ते पाहा. मग पशुवैद्यांना बोलवा आणि त्यांचा निर्णय मानायचा हे आधीच दोघांनी ठरवा, म्हणजे निर्णय तुमचा किंवा वडिलांचा राहणार नाही. तो येईपर्यंत तिच्यावर कोणी बसू नये. वडिलांच्या विरोधामागे पैशांची काळजीही असणार, ती उघडपणे वहीवर मांडा: न कमावणाऱ्या घोडीचा खर्च कोण आणि कशातून करणार. आम्ही त्या वर्षापासून प्रत्येक तासाच्या फीमधला एक भाग म्हाताऱ्या घोड्यांच्या नावाने बाजूला ठेवतो, आणि पालकांना तो कशासाठी आहे हे पहिल्या दिवशी सांगतो. आजवर त्याला कोणी हरकत घेतलेली नाही.

तांबडी त्यानंतर चार वर्षे जगली. तिच्या जागी दुसरा घोडा तयार करायला आम्हाला त्यातली तीन लागली. तुमच्या घोडीच्या जागेसाठी कोणता घोडा घडवायचा, याची सुरुवात वडिलांच्याच हातून होऊ द्या.